अलीकडच्या काठावरून धुवांधार

भेडाघाटचा धुवांधार पाहायला जायचं ठरलं, तेव्हा मी वहीची चार पानं भरून तयारी केली होती. गाडीची वेळ, खोलीचं भाडं, सोबत न्यायच्या पुऱ्या, कोणाचं स्वेटर कोणाला होईल, सगळं लिहिलं. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली. धबधबा नदीच्या कोणत्या काठावरून पाहायचा?

तुम्ही म्हणाल, यात लिहायचं काय? लोक जातात तिथून पाहायचा. मलाही तसंच वाटत होतं.

जायचं कशामुळे ठरलं ते आधी सांगते. आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. माझ्या थोरल्या जाऊबाई भिवापूरला असतात. शेती आहे, मिरची लावतात. भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, सात वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जाऊबाई कुठेच निघाल्या नाहीत. भाच्याचं लग्न भोपाळला होतं, गेल्या नाहीत. प्रयागला सगळी गल्ली गेली, या घरीच. आम्ही समजत होतो, दुःख आहे, शिवाय हट्टी स्वभाव. दिवाळीत मी सहज म्हटलं, "बाई, थंडीत धुवांधारला जाऊ. येता का?" तर त्या मिरचीचे देठ खुडता खुडता म्हणाल्या, "येते. कधी जायचं ते सांग." मला इतका आनंद झाला की मी दुसरं काही विचारलंच नाही.

थंडीच का, तर पावसाळ्यात नर्मदा एवढी भरते की धबधबाच बुडून जातो, नुसतं गढूळ पाणी दिसतं. उन्हाळ्यात दगड तापतात. पौष-माघात पाणी पांढरं स्वच्छ, आणि तुषार धुरासारखे वर उठतात, म्हणून तर नाव धुवांधार. फक्त नर्मदा जयंतीचे दिवस आणि रविवार टाळा, फार गर्दी असते. आम्ही संक्रांत झाल्यावरचा मंगळवार-बुधवार धरला. रात्रीच्या गाडीची जबलपूरची तीन तिकिटं काढली, धबधब्याजवळ खोली सांगून ठेवली.

जाऊबाई तीन दिवस आधीच भिवापूरहून आल्या. पिशवीत ठेच्याची बरणी, दोन लुगडी आणि फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी बाटली. ती बाटली त्यांनी माझ्या देवघरात ठेवली. दुपारी चहा पिता पिता त्यांनी विचारलं,

"छोटे, गाडी आपल्याच काठाले लागते ना वं?"

"कोणता आपला काठ, बाई? जबलपूरला उतरायचं, तिथून ऑटो."

"जबलपूर नर्मदेच्या अल्याड आहे का पल्याड?"

हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपरातूनच सांगितलं, "पल्याड. पुलावरून गाडी जाते ना, मस्त धडधड आवाज येते. लोकं खिडकीतून पैसे टाकतेत."

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. "मंग तुम्ही दोघं जा. मी दिवाबत्ती पाहते इथं. घरी कोणी तरी पाहिजेच."

"काहून पण?"

"माही परिक्रमा खाली ठेवेल नाही अजून."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. नर्मदेची परिक्रमा संकल्प सोडून सुरू करतात, त्याला परिक्रमा उठवणं म्हणतात; पूर्ण करून संपवणं म्हणजे खाली ठेवणं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, बाटलीत तिचं पाणी सोबत बाळगायचं, आणि पूर्ण होईपर्यंत नदी ओलांडायची नाही. पूल नाही, नाव नाही. फक्त उगमापाशी आणि जिथे ती समुद्राला मिळते तिथे वळसा घ्यायचा. भासरे आणि जाऊबाई आठ वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बससोबत परिक्रमेला गेले होते. ओंकारेश्वरला संकल्प सोडला. पाचव्या दिवशी गुजरातेत भासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि दोघं अर्ध्यातून परत आले. पुढच्या उन्हाळ्यात भासरे गेले. आम्हा सगळ्यांच्या लेखी ती परिक्रमा तेव्हाच संपली. जाऊबाईंच्या लेखी ती सुरूच होती. भोपाळ, प्रयाग, दिल्ली, सगळं नर्मदेच्या पलीकडे. आठ वर्षं ही बाई एका नदीच्या अलीकडे थांबली होती, आणि मी तिच्या घरची असून मला पत्ता नव्हता.

"पण मग तुम्ही धुवांधारला येते कशा म्हणाल्या?"

"परिक्रमेत असतानी हे म्हणत होते, येतानी आपल्याच काठानं धुवांधार लागते. तिथं तुले अर्धा दिवस बसवतो म्हणे. मले वाटलं तोच काठ होय."

ह्यांनी समजावून पाहिलं. "वहिनी, आठ वर्षं झाले. बसमधून उतरल्या तेव्हाच सुटलं ते."

"बसमधून उतरली मी भाऊजी, बोललेल्यातून नाही उतरली."

मग मी गल्लीतल्या मंदिरातल्या गुरुजींना बोलावलं. ते म्हणाले, "परिक्रमा खंडित झाली. आता कसलं बंधन नाही, खुशाल जा." जाऊबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "गुरुजीनं उठवली होती का? मी उठवली."

झालं. तीन तिकिटं, सांगून ठेवलेली खोली, चार पानं, सगळं धुवांधारच्या पाण्यात. खोटं कशाला सांगू, मला रागही आला. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. दोरीवरून चादर ओढली आणि तिथेच थबकले. दोरीला दोन खुंट्या होत्या.

झालं असं की, मी खोलीची चौकशी केली तेव्हा त्या माणसाने कौतुकाने सांगितलं होतं, हमारे यहाँ रोपवे है, सीधे झरने के ऊपर से उस पार ले जाता है. उस पार! दोरी एका टोकाला हवेत थोडीच संपते? पलीकडे दुसरी खुंटी असणारच. आणि ती खुंटी ठोकायला लोखंड-सिमेंट कुणी डोक्यावरून नेलं नसणार, ट्रक गेला असणार. ट्रक गेला म्हणजे रस्ता आहे.

मी कपडे तसेच टाकून खाली आले आणि त्या माणसाला फोन लावला.

"भैया, रोपवे उस पार जहाँ उतरता है, वहाँ तक सड़क है क्या?"

"है तो सही माताजी, पर उधर से कौन जाता है? सब इधर ही आते हैं."

"हम जाते हैं," मी म्हटलं, आणि खोली रद्द केली. भला माणूस, अर्धे पैसे परत पाठवले.

दुसरा अख्खा दिवस नकाशात गेला. मुलीने मोबाईलवर नकाशा मोठा कसा करायचा ते शिकवलं होतं. मी मॅट्रिक. भूगोलात मला शंभरात अठ्ठ्याहत्तर होते, ते आजवर कुठे कामाला आले नव्हते. नागपूरहून मोटारीने गेलं तर शिवनी, लखनादौन, बरगी असा रस्ता थेट जबलपूरला जातो आणि शहर लागायच्या आधी तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा ओलांडतो. त्या पुलाच्या अलीकडे डावीकडे चरगवांचा रस्ता फुटतो. त्याने गेलं की नदीच्या ह्याच काठाने धुवांधारच्या समोर पोहोचतो. त्या बाजूला न्यू भेडाघाट म्हणतात. जाऊबाईंची बस नेणाऱ्या काकांना शोधून फोन केला. त्यांनी त्याच काठावरच्या, परिक्रमावासी उतरतात अशा एका आश्रमाचा नंबर दिला. आश्रमाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. छोटी जागा आहे, चालत आलेल्यांना तिथे पथारी मिळायला हवी.

मी नवीन पान काढून रस्ता लिहिला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: पूल दिसला की चुकलो.

जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाहू. छोटीले घर चालवता येते, रस्त्याचं रस्त्यावर समजते."

गाडी आणि चालक खापरखेड्याचे दिवाकरराव. पॉवर स्टेशनच्या गाड्या चालवून निवृत्त झालेले, साठीचे, शांत. दोन दिवसांचे साडेआठ हजार, टोल वेगळा. रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त, पण चौघांत चहा-नाश्ता सोडून बाकी खाणं घरचं आणि मुक्काम आश्रमात, म्हणून जमलं. तिखटमिठाच्या साठ पुऱ्या, संत्री, ठेचा. आणि एक गोष्ट मी गुपचूप घेतली: अर्धा किलो रवा, साखर, डब्यात साजूक तूप. नर्मदेला शिऱ्याचा नैवेद्य करतात, त्याला कढाई म्हणतात. म्हटलं, बाईंच्या हाताने तिथे कढाई करू.

मंगळवार

पहाटे साडेपाचला निघालो. कामठी सोडलं आणि कन्हानचा पूल आला, तशी मागून जाऊबाईंची हाक.

"ही कोणती वं?"

"कन्हान."

"चालते." हात जोडले.

मनसरच्या अलीकडे उजाडलं. रामटेकचा गड धुक्यात वर उठलेला दिसला, गाडीतूनच नमस्कार केला. देवलापारला चहा. पुढे जंगलात रस्ताच उंच केला आहे, दोन्ही बाजूंना भिंती, खालून जनावरं जातात. हे म्हणाले, "वहिनी, आत्ता आपल्या खालून वाघ जात असंन."

"त्याचं बरं आहे. त्याले कोणी पुलावर नेत नाही."

शिवनीला नऊच्या आत पोहोचलो. पोहे-जलेबी, चौघांचे मिळून दोनशेच्या आत. जाऊबाईंनी पोह्याची प्लेट पाहिली आणि हिरमुसल्या. "याच्यावर तर्री नाही? कोरडं कसं गिळतेत हे लोकं?" त्यांनी पिशवीतून ठेच्याची बरणी काढली. पोहेवाला पाहत होता, म्हणून त्यालाही बोटभर दिला. त्याने चाखला, डोळे पुसले, पाणी प्यायला.

"ये क्या है माताजी?"

"भिवापूर," जाऊबाई म्हणाल्या. एवढंच. जसं काही ते त्यांचं स्वतःचं नाव आहे.

छपाऱ्याला वैनगंगा लागली. "ही कोणती?" "वैनगंगा. हीच पुढे भंडाऱ्याला येते." "अवं, मंग तर घरचीच." रुपया टाकला. लखनादौनच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मटारच मटार. येताना पाच किलो घेतला, नागपूरच्या निम्म्या भावाने.

बरगी मागे पडलं. मी पान मांडीवर धरून बसले होते. दिवाकररावांनी समोर मोबाईल लावला होता आणि त्यात मीच सकाळी भेडाघाट असं टाकलं होतं. नुसतं भेडाघाट. न्यू नाही. मोबाईलमधली बाई आपली जगाच्या रस्त्याने चालली होती. ती म्हणाली सीधे, दिवाकरराव सीधे निघाले. त्याच वेळी आमच्या डाव्या अंगाला उसाचा ट्रक होता, फाट्याची पाटी त्याच्याआड गेली. आणि एकदम समोर कठडे दिसले, आणि कठड्यांच्या मध्ये खूप खाली, खूप रुंद, निळं पाणी.

"पूल!" मी ओरडले. "दिवाकरराव, थांबा! पूल दिसला!"

त्यांनी गाडी कडेला घेऊन दाबली. मागून हॉर्नवर हॉर्न. मी मागे वळून पाहिलं. जाऊबाई बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून डोळे मिटून बसल्या होत्या.

"चाकं चढले का?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

ह्यांनी उतरून पाहिलं. पूल सुरू होतो तिथे रस्त्यात एक लोखंडी पट्टी असते. आमचं पुढचं चाक तिच्या अलीकडे होतं. ह्यांनी हाताने मोजलं.

"अडीच हात अल्याड आहे, वहिनी."

"मी पाहते."

त्या उतरल्या. साडीचा पदर खोचून, ट्रकांच्या धुरळ्यात, ती पट्टी आणि ते चाक स्वतः डोळ्यांनी पाहिलं. मग तिथूनच नदीला हात जोडले आणि मागे वळून चालायला लागल्या.

"बाई, बसा ना गाडीत!"

"गाडी तुम्ही कशी फिरवायची ते फिरवा. मी पायानं मागं जाते. माह्या पायावर माहा भरोसा आहे."

मी त्यांच्यासोबत चालले. दिवाकररावांनी गाडी कडेकडेने मागे घेतली, हे मागे उभे राहून हात दाखवत होते. असं हायवेवर करू नये. चूक माझी होती म्हणून लिहिते: मोबाईलमध्ये न्यू भेडाघाट टाका आणि तिलवाराच्या आधीच डावी बाजू धरून चाला. फाट्यावरच्या टपरीशी आम्ही थांबलो. मला वाटलं, आता बाई बोलतील. बोलल्याच, पण वेगळं.

"ते कागदावर काय लिहिलं होतं तुनं?"

"पूल दिसला की चुकलो."

"बरं झालं लिहिलं," त्या म्हणाल्या आणि टपरीवाल्याला माझ्यासाठी जास्त साखरेचा चहा सांगितला. पैसेही त्यांनीच दिले.

तिथून पुढचा रस्ता अरुंद आहे, मध्ये मध्ये उखडलेला, पण गाडी आरामात जाते. तीनच्या सुमाराला आश्रमात पोहोचलो. दोन खोल्या, एक ओटा, पिंपळ, आणि खाली घाट. व्यवस्थापक महाराजांनी "नर्मदे हर" म्हटलं आणि आधी बाटलीला नमस्कार केला, मग आम्हाला. भाडं नाही. जे वाटेल ते दानपेटीत. आम्ही पाचशे टाकले आणि दोन किलो तूरडाळ नेली होती ती दिली.

संध्याकाळी घाटावर आरती झाली. जेवायला शेणीच्या आगीत भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत. तिकडे गक्कड-भर्ता म्हणतात. जाऊबाईंनी एक गोळा फोडला, तुपात बुडवला, आणि हसल्या. "हे तं आपले रोडगेच होय वं!" दोन जास्त खाल्ले. त्यांना पोटभर जेवताना पाहून मलाच भरल्यासारखं झालं. नऊला झोपलो. थंडी चांगलीच होती, दोन ब्लँकेटं घरून न्या.

बुधवार

सकाळी सातला धुवांधारला पोहोचलो. गाडीतून उतरलो तेव्हा धबधबा दिसत नव्हता, ऐकू येत होता. जात्याची घरघर असते ना, तशी, पण शंभर जात्यांची. पांढऱ्या दगडांवरून सांभाळून जावं लागतं, गुळगुळीत आहेत. चपला काढू नका, वाटलं तरी. ह्यांनी जाऊबाईंचा एक हात धरला, मी दुसरा.

आणि मग दिसला. एवढी मोठी नदी, आरामात पसरून येते, आणि एका घळीत अंग टाकते. पाणी खाली जातं आणि धूर वर येतो. समोरच्या काठावर कठडे, दुकानं, रंगीत छत्र्या, माणसांची रांग. आमच्या काठावर आम्ही चौघं, दोन कुत्री, आणि एक चहावाला चूल पेटवत होता.

जाऊबाईंनी एक सपाट दगड पाहिला, त्यावर घोंगडी घातली आणि बसल्या. बाटली समोर ठेवली.

आम्हीही बाजूला बसलो. ऊन वर आलं, धुरात इंद्रधनुष्य उमटलं, मी दाखवलं, त्यांनी मान हलवली. आठला ह्यांनी विचारलं, वहिनी चहा? नको. नऊला रोपवे सुरू झाला. डबे आमच्या डोक्यावरून यायला लागले. त्यातून लोक उतरत, फोटो काढत आणि परत त्याच डब्यात बसून जात. एक जाड स्वेटरवाल्या बाई आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, "माताजी, यहाँ क्यों बैठी हैं? उस पार से बढ़िया दिखता है. नाव भी वहीं मिलती है."

जाऊबाई म्हणाल्या, "हमको यहींच से दिखाने वाले थे."

त्या बाईंना कळलं नाही. मला कळलं. मी डोळ्याला पदर लावला आणि तुषार उडाले म्हणून सांगितलं. खोटंही नव्हतं. साडेनऊच्या सुमाराला वारा फिरला आणि पलीकडे जाणारा तो सगळा धूर आमच्या अंगावर आला. केस, स्वेटर, घोंगडी, सगळं बारीक दवासारखं ओलं. समोरच्या काठावरचे लोक छत्र्या मिटून उभे होते, त्यांच्याकडे थेंब नाही. जाऊबाईंनी तोंड वर केलं आणि तसंच धरलं.

तेवढ्यात काठाकाठाने दोन परिक्रमावासी आले, एक बाई आणि तिचा भाऊ. पांढरे कपडे, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. पायात साध्या चपला, टाचा फुटलेल्या. बाटली पाहून ती बाई थांबली.

"नर्मदे हर, माताजी. परिक्रमा कहाँ से उठाई?"

"ओंकारेश्वर से," जाऊबाई म्हणाल्या.

"कब?"

"आठ बरस हुए. अभी नीचे नहीं रखी."

मला वाटलं, ही आता विचारेल, मग मोटारीने कशा आलात, मग गुरुजींसारखं खंडित म्हणेल. तिने खाली वाकून जाऊबाईंच्या पायाला हात लावला. बोलण्यावरून तिने ओळखलं आणि ती मराठीत म्हणाली, "तुम्ही विदर्भाच्या ना? मी वर्ध्याकडची. आठ वर्षं पुलावर पाय नाही?"

"पाय नाही, चाक नाही. काल अडीच हात राहिलं होतं." मग जाऊबाईंनी माझा दंड पकडून मला पुढे ओढलं. "ही माही देरानी, धाकली जाऊ. मॅट्रिक आहे. नकाशा वाचते ही. सगळे लोकं त्या काठावर नेतेत, हिनं मले ह्या काठावर आणलं."

चाळीस वर्षं मी त्या घरची सून आहे. एवढ्या वर्षांत जाऊबाईंनी माझ्या पुरणाला घट्ट म्हटलं, माझ्या पोरीला वळण नाही म्हटलं, माझ्या हिशेबाला किरकिर म्हटलं. आणि त्या दिवशी धुवांधारच्या आवाजावरून ओरडून, एका अनोळखी बाईला, त्यांनी माझं मॅट्रिक सांगितलं. हे तोंड फिरवून मिशीत हसत होते. मी पुऱ्यांचा डबा उघडून त्या दोघांना दिला.

ते गेल्यावर मी रवा काढला. "बाई, चहावाल्याची चूल आहे. कढाई करू. रवा, तूप, सगळं आणलं आहे मी."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कढाई पुरी झाल्यावर करतेत, छोटे. पुरी कुठं झाली?"

डबा परत पिशवीत गेला. त्या उठल्या, जपून पाण्याशी गेल्या. आठ वर्षांत बाटलीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. त्यातलं थोडं त्यांनी नदीत सोडलं, नदीतलं बाटलीत घेतलं, बूच घट्ट लावलं. परत येऊन विचारलं, "किती वाजले वं?"

"बारा."

"सातला आलो होतो?"

"सातला."

"मंग झाला अर्धा दिवस," त्या म्हणाल्या. घोंगडी झटकली, घडी केली. "चला."

परतीचा रस्ता तोच. मटार घेतला, लखनादौनला चहा घेतला. वैनगंगा, कन्हान, कोणत्याच पुलावर जाऊबाईंनी नाव विचारलं नाही. झोपल्या होत्या, बाटली मांडीवर. आठला घरी.

घरी आल्यावर

चौघांचा सगळा खर्च टोल, चहा-पोहे, दानपेटी धरून साडेदहा हजारांच्या आत बसला. मुद्दाम लिहिते, म्हणजे कोणाला अंदाज हवा तर मिळेल. घरच्या पुऱ्या नेल्या नसत्या तर आणखी हजार लागले असते. नौकाविहार नाही, रोपवे नाही, संगमरवरी मूर्तींची खरेदी नाही, त्यातच मोठी बचत. शेजारच्या ताईंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर मागच्या बाजूने काढलाय! एवढ्या दूर गेलात आणि खरा पॉइंट राहिला?" मी म्हटलं, हो, मागच्या बाजूने. आधी मी अशा बोलण्याने दोन दिवस खट्टू झाले असते.

ज्यांच्या घरी कोणी परिक्रमा उठवलेलं आहे, किंवा ज्यांना गर्दीशिवाय धबधब्यासमोर बसायचं आहे, त्यांनी ही बाजू लक्षात ठेवा. नाव मिळणार नाही, उपाहारगृह नाही, सावली थोडी. बसायला मात्र दगड पुष्कळ.

जाऊबाई गुरुवारी भिवापूरला गेल्या, मिरची वाळवणीला पडली होती. जाताना देवघरातली बाटली घेतली, फडक्यात गुंडाळली. "पुऱ्यात ओवा जास्त झाला होता," एवढं म्हणाल्या. मी समजले, गाडी रुळावर आली.

रव्याचा डबा ओट्यावर तसाच होता. उचलून आत ठेवायचा म्हटलं तरी मन होईना. नर्मदेच्या नावाने काढलेला रवा, घरात कसा वापरायचा? आणि ठेवला तर जाळी धरणार. रविवारी सकाळी मी डबा पुढ्यात घेऊन बसले होते, तेवढ्यात भिवापूरहून फोन आला.

"तो रवा आहे का संपवला वं?"

"आहे बाई. काय करू, तेच पाहून राहिले."

"भाजून खाऊन टाका. किडे पडतीन त्यात. पुढच्या थंडीत ताजा घेऊ, काठाकाठानं जातानी."

मी फोन ठेवला. ह्यांनी विचारलं, "काय म्हणते वहिनी?"

"घेऊ म्हणाल्या," मी म्हटलं. "घेईन नाही. घेऊ."

मग कढई ठेवली, तूप सोडलं, आणि सगळ्या रव्याचा शिरा केला. नेहमी मी वाटीला पाऊण वाटी साखर घालते. त्या दिवशी पूर्ण घातली.